पाण्याचं शून्य

सव्वासात. ओपीडीचं शटर अजून अर्धंच वर.
टेबलाच्या टोकाशी अडकवते मी
पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा गोल डबा.
कंपनीच्या कागदावर त्याचं नाव फॅन्टम,
भिकाजीमामा त्याला ‘पयला पेशंट’ म्हणतात.
त्याला श्वास धरा सांगावं लागत नाही,
मंगळसूत्र काढा म्हणावं लागत नाही.

लेझरची लाल रेघ त्याच्या खुणेवर बसवते,
शिशाचं दार ओढून घेते, बटण दाबते.
हवा: उणे हजार.
पाणी: शून्य.
या दोन खुंट्या घट्ट असल्या तरच पुढचं खरं,
यकृतावरचा डाग, कवटीत सांडलेलं रक्त.

पण पाणी नेमकं शून्य कधीच नसतं.
सोमवारी शून्य पूर्णांक चार,
मंगळवारी उणे एक पूर्णांक एक,
बुधवारी एसीनं मान टाकली तेव्हा दोन पूर्णांक सात.
चारपर्यंत चालतं.

माझ्या आधी इथे खोपकर होते.
त्यांची वही उघडली तर एकशे बावन्न दिवस
०.० ०.० ०.०
एकाच निळ्या पेनानं, बहुतेक एकाच बैठकीत,
दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा,
खोलीला कुलूप होतं त्या दिवशी.
माणूस वाईट नव्हता हो. जाताना मला
आंबावडीचा डबा देऊन गेला.

आज सहा पूर्णांक तीन.
डबा पुसला, आतला बुडबुडा हलवून वर घेतला,
पुन्हा. सहा पूर्णांक दोन.
बाहेर बाकांवर सतरा जण.
चिता कॅम्पहून आलेल्या मेहरुन्निसाबी रात्रीपासून उपाशी,
नंबराच्या चिठ्ठीची घडी घालघालून
विडीएवढी केलेली.
वरून फोन: अहो मॅडम, पाणीच ना ते?

पाणीच.

‘मशीन बंद’ची पाटी लावली.
इंजिनियर ऐरोलीहून निघालाय म्हणे,
म्हणजे अजून अंघोळीला गेला नसेल.
मामा बाईंना चहा द्यायला निघाले,
मी नको म्हटलं, दुपारी झालंच तर पोट रिकामं हवं.
तेव्हा बाईंनी माझ्याकडे असं बघितलं
की खोपकरांच्या निळ्या पेनाचं
पहिल्यांदाच काहीतरी कळलं मला.

वही ओढली. लिहिलं ६.३
सहाची शेपटी
रकान्याबाहेर गेली.