दोन सेंटिमीटर

उद्यमबागेतल्या शेडमध्ये एक गाडी आहे.
तिला चाकं नाहीत, छप्पर नाही.
प्लायवूडचं दार, फोमचा डॅशबोर्ड,
आणि भंगारातून आणलेली एक खरी सीट,
जिच्यावर अजून कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग.

मी हेडसेट चढवते
आणि प्लायवूडला कातडं फुटतं.
काचेबाहेर कुठला तरी समुद्र,
वास मात्र शेजारच्या फाउंड्रीतल्या तापल्या वाळूचा.

हँडल दिसतं एकीकडे, हाताला लागतं दुसरीकडे.
दोन सेंटिमीटर, मी वहीत लिहिते.
पुण्याहून साहेब म्हणतात, पुतळा बसवून बघितलाय,
सगळं पोचतं.
त्यांचा पुतळा पाच फूट नऊ.
मी चार फूट अकरा.
क्लच शोधताना माझी पाठ सीट सोडते.

भरमाण्णा तीस वर्षं फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न करतोय.
त्याची मोजपट्टीच मुळात लांब:
लोखंड थिजताना आक्रसतं,
म्हणून तिच्यावरचा इंच इंचाहून जरासा मोठा.
हेडसेट त्यानं मिनिटभरात काढला.
"बरं हाय की. पण ह्यात कोपर कुठं आपटतच न्हाई."
मग म्हणाला, "अक्का, सल्प पुढं सरक. डोळे मीट. दार उघड."
माझा हात आपसूक जिथं थांबला
तिथं त्यानं कानावरची पेन्सिल काढून
फुली मारली.

संध्याकाळी येळ्ळूरच्या बसमध्ये
खिडकीची काच ओढायला हात उचलते
आणि मध्येच थांबते,
लागेल ना खरंच, म्हणून.