मुदत संपलेल्या कुप्या

दर डिसेंबरात कोकिळाबेन कपाट उपसते,
ॲड्रेनलिनच्या चार कुप्या उजेडात धरून म्हणते,
"आ वरसे पण फोगट गई, बेन."
मी वहीत लिहिते : वाया.
रावपुऱ्यातले आमचे हिशेबनीस
त्या ओळीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतात.

त्या गुरुवारी जशभाई काछिया आले,
खंडेराव मार्केटातून थेट, बोटांना मेथीचा वास.
खालची अक्कलदाढ, आडवी,
शेजारणीला टेकून झोपलेली.
फॉर्म मी मोठ्यानं वाचला.
साखर? ना. बीपी? ना.
रक्त पातळ करायची गोळी?
ना बेन, ना.
हे सुनेकडे न बघता.

दाढ निघाली, दोन तुकड्यांत.
रक्त थांबेना.
बोळा बदलला. लाल.
पुन्हा बदलला.
कोकिळाबेनने न सांगता ट्रे सरकवला,
सकाळीच मांडलेला, रोज मांडतो तसा,
देवाला दाखवून परत झाकायचा असल्यासारखा :
रेशमी दोरा, विरघळणारा स्पंज,
आणि ट्रॅनेक्झामिक, जिला ती
तीनपत्तीतल्यासारखं 'त्रण एक्का' म्हणते.

सुनेला पाणी आणायला धाडलं, मग विचारलं.
तोंडात माझी बोटं. त्यांनी
आपली दोन बोटं छातीवर ठेवली. दोन स्टेंट.
मग हात हलवला : घरी नको.

स्पंज भरला, टाके घातले,
चौतीस मिनिटं दाबून उभी राहिले.
त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून मीच बोलले,
मेथीच्या भावाबद्दल, आणि की
गोळी थांबवायची नसते हो, फक्त सांगायची असते.
त्यांचे डोळे छताकडे.
माझा अंगठा बधिर झाला तेव्हा कधीतरी
बोळा गुलाबी आला.

फॉर्मवरचा 'ना' खोडून गोळीचं नाव लिहिलं.
चिठ्ठीवरही लिहिलं, पण अक्षर मुद्दाम डॉक्टरी,
सुनेला लागू नये असं.

रात्री नऊला फोन केला. तिनेच घेतला.
उशी कोरडी आहे, म्हणाली. थंड खिचडी दिली.
मग आवाज खाली आणून,
"अक्षर लागलं मला, बेन.
वजनकाट्याखाली रिकाम्या पट्ट्या सापडतात त्यांच्या.
दोन वर्षं डाळीत मीठ कमी घालते मी,
आणि ते सगळ्यांना सांगत फिरतात,
वहूला रांधता येत नाही."