बावीस किलोमीटर

तैचुंगहून वीरायुतचा फोन, दरवर्षी याच आठवड्यात:
आई, आधी विमा, मग कर.
जणू मला ठाऊकच नाही.

तांदळाच्या डब्यामागून निळं पुस्तक काढते.
पिकअपखालची कोंबडी उठायला तयार नाही.
अनुचा वायर जोडून गाडी जागी करतो,
रोई-एतपर्यंत नेतो.

तपासणीवाला काटा बघतो, मग वही.
"आजी, वर्षभरात बावीसच?"
अकरा मागच्या वेळी परतताना,
अकरा आज येताना.

कुणाला धडक बसली तर, म्हणून विमा.
धडक द्यायला तरी तो घरी हवा.

नवा चौकोनी कागद काचेवर चिकटवून
फोटो धाडते.
लगेच उत्तर:
काचेत तूच आलीस, तारीख दिसत नाही.
परत काढ.

काढत नाही.