जीव किती

आणीबाणीत आधी दोनच गोष्टी विचारायच्या असतात:
इंधन किती मिनिटांचं,
आणि विमानात आत्मे किती.
माणसं किती, असं नाही. प्रवासी किती, असंही नाही.
हा शब्द जहाजांकडून आलाय, लाह्ती म्हणतो.
मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकले होते;
आमच्याकडे आत्मा म्हणजे देह सुटल्यानंतरची गोष्ट.
तेव्हापासून तोंडानं त्यांचा शब्द विचारते,
मनात आपला:
जीव किती?

डुलूथ, फेब्रुवारी, पाचचा सुमार.
टॉवरवरून सरोवर नीट दिसत नाही,
त्याच्यावरून उठणारा फिका उजेड दिसतो फक्त,
आणि त्या संध्याकाळी त्या उजेडाला
खालून कुणीतरी पुसत आणत होतं. बर्फ. वीस मिनिटं, फार तर.

पडद्यावर एका ठिपक्याशेजारी चार आकडे उमटले:
सात, सहा, शून्य, शून्य.
म्हणजे, माझा आवाज गेलाय.
मिनिटभरानं आकडेही गेले.

मी बोलत राहिले. नियमच आहे तसा,
ऐकू येतंय असं धरून बोलायचं.
ऐकू येत असेल तर डावीकडे वळा.
ऐकू येत असेल तर
ठिपका सरळ चालत राहिला,
कानात बोटं घातलेल्या पोरासारखा.

शिकागोहून आलेल्या जेटला घिरट्या घालायला लावलं.
कॅप्टननं विचारलं, किती वेळ?
म्हटलं, माहीत नाही.
इतकं खरं मी रेडिओवर क्वचितच बोलते.

लाह्तीनं छताच्या हुकावरून दिव्याची बंदूक काढून दिली.
रोज सकाळी तपासायची, हिरवा, लाल, पांढरा,
आणि परत टांगायची.
एकोणीस वर्षांत मी तिच्यावरची धूळ तेवढी झटकली होती.
दिव्याचा झोत इतका बारीक
की सुईत दोरा ओवताना मिटतो तसा एक डोळा मिटावा लागतो,
आणि सुई साठ-सत्तर मैलांच्या वेगानं
माझ्याकडेच येत होती.

हिरवा, न लुकलुकणारा: उतर.
लाल: थांब, फिरत राहा.
एवढीच बाराखडी.
हिरवा धरला. हात थरथरला म्हणून कोपर काचेला टेकवलं.

आणि मग तिकडे, राखाडीत,
डावा पंख खाली, उजवा खाली, पुन्हा डावा,
हुबेहूब आपल्याकडे मान डोलावतात तसं,
परक्याला हो की नाही कळू नये
आणि आपल्याला लगेच कळावं.
"दिसलं का त्याला?" लाह्तीनं विचारलं.
"हो म्हणाला," मी म्हटलं.

सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवर चाकं टेकली
तेव्हा पहिले कण काचेवर आपटायला लागले होते.
बंब त्याच्या मागेमागे, लग्नाच्या गाडीमागे जावेत तसे.

नंतर फोनवर तो म्हणाला (मर्ल ओस्टबी, वय एकाहत्तर,
विजेचं यंत्र बिघडलं, बॅटरी संपली):
"हिरव्याचा अर्थ मी विसरलो होतो, बाई.
म्हटलं पंख हलवून पाहू,
चुकलो तर तुम्ही लाल दाखवालच."

अर्जातला एक चौकोन अजून रिकामा होता.
बंबावरच्या डॅग्नीला विचारलं, आत्मे किती?
"एक," ती म्हणाली. मग जरा थांबून,
"आणि एक कुत्री. म्हातारी आहे.
कोटात तोंड खुपसून बसलीय, निघायला तयार नाही."

चौकोनात मी एक लिहिलं.
त्यांच्या भाषेत तेवढेच होतात.

मग जेटला म्हटलं, या आता, रस्ता मोकळा आहे.
कॅप्टननं विचारलं, सगळे सुखरूप?
"दोन," मी म्हटलं.
खरखर झाली.
"पुन्हा सांगा," तो म्हणाला.