ओल

पहार तीन फुटांवर खणकन वाजली.
काळा दगड. इथवर घर, खाली नुसतं नाशिक.

मशीन गल्लीत शिरेना, म्हणून हातानेच.
अकरावा दिवस. दुपारपर्यंत शैला, साडी खोचून;
सातपूरची फर्स्ट शिफ्ट सुटली की मी.
कडा तीच सरळ धरते.
एका वेळी चारच फूट उघडायचं, भरायचं, मग पुढचं,
नाहीतर भिंत मनावर घेईल.

प्लंबर म्हणाला, पाइप. गवंडी म्हणाला, गच्ची.
दोनदा रंग दिला,
दोन्ही वेळा देवघरामागे लोणा चढला.

सय्यदचाचा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले.
‘इथून पाट जायचा. म्हशी धुवायचो आम्ही,
तुझ्या स्वयंपाकघरात.’
पाट बुजवला.
पाण्याला कुणी कळवलं नसेल.

मी मुरूम मुठीत दाबला. गार.
डांबर आणलंय, प्लास्टिकचा कागदही, लावणारच आहे.
पण तळाशी खडी पसरली, भोकांचा पाइप टाकला
उताराला, गटारीपर्यंत.

‘झालं बंद?’ शैलाने वरून विचारलं.
बंद नाही, म्हटलं. वळवलंय.
‘चाचांच्या दाराकडे नको वळवूस,’ म्हणाली,
आणि भरलेलं घमेलं वर ओढलं.