भिंतीचं पोट

जॉन्सटाउनला, टेकडीच्या उतारावर,
व्हेरोना ह्रित्झच्या घरी पाइप बदलायला गेलो होतो.
न्हाणीघराची भिंत फोडली तर
आतून खळ्ळकन काहीतरी सांडलं बुटांवर.
वाटलं, जुन्या रंगाचे पोपडे.
ओणवा झालो. ब्लेडं होती.
दुधारी, मधे चीर असलेली,
गंजून एकमेकांना बिलगलेली,
बादलीभर. मग दुसरी बादली आणली.

आरशामागच्या कपाटाला तेव्हा पाठीत एक फट असायची,
देणगीच्या पेटीला असते तशी.
वापरलेलं पातं आत सरकवायचं
आणि विसरायचं.
घर बांधणाऱ्याने हिशेब केला असणार,
भिंत भरेस्तोवर आपण थोडेच असणार.

भिंतीला कान असतात म्हणतात.
हिला पोट होतं.

व्हेरोना काठी टेकत आली, टबाच्या काठावर बसली.
वय अठ्ठ्याऐंशी.
‘हातमोजे घाल,’ म्हणाली, ‘बाबा अजून चावतात.’

तळाशी बाबांची. थोडीच, तीही भुगा झालेली.
पोलादाच्या कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं
आणि घरात पोलाद जपून वापरायचे.
एक ब्लेड महिनाभर.
शनिवारी रात्री काचेच्या पेल्यात, आतल्या बाजूने,
बोटाने दाबून घासत बसायचे,
सुर्र, सुर्र,
तो आवाज आला की अंथरुणात पोरांना कळायचं,
उद्या चर्च.

त्यावर श्टेफानची.
‘माझा भाऊ. दाढी नव्हतीच त्याला,
पण रोज एक नवं ब्लेड उडवायचा.’
मी बोटभर थर उचलला.
‘मग कोरिया,’ ती म्हणाली,
आणि पुढचा थर कोणाचा ते
मी विचारेपर्यंत सांगितलं नाही.

पुढचा नवऱ्याचा, लाडिस्लावचा. जाड थर, वीस वर्षांचा.
मग प्लॅस्टिकचे रेझर आले,
ते फटीत मावेनात.

‘आणि ही?’
मधेमधे काही वेगळी होती, जेमतेम झिजलेली.
ती फरशीकडे बघत राहिली. मग खुदकन हसली.
‘ती माझी. पायांसाठी.
तो बिचारा म्हणायचा, ब्लेडं पुरत कशी नाहीत गं.
मी म्हणायची, तुझी दाढीच राठ.’

जाताना तिने रेझर दिला, पितळी,
मुठीवरचं निकेल उडालेलं,
आणि एक पाकीट. आत एकच पातं, मेणकागदात,
कोणीच न वापरलेलं.
‘जोर लावू नकोस. वजन आपलं काम करतं.’

सकाळी कागद उलगडला. तेलाचा वास अजून होता.
ब्लेड माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठं.
गालावरून उतरताना त्याचा आवाज आला,
वाळूवरून कोणी अनवाणी जावं तसा.
माझ्या तीनपाती रेझरला आवाज नाही,
मला माहीतच नव्हतं
की माझा चेहरा ऐकू येतो.

हनुवटीखाली मात्र घाई केली.
रक्ताचा एक ठिपका फेसात पसरला,
तुरटी नव्हती, टॉयलेट पेपरचा तुकडा चिकटवून
तसाच कामावर गेलो.

आणि ते पातं? टाकणार कुठे?
माझ्या घराला फट नाही.
कचऱ्यात टाकलं तर कचरेवाल्याचा हात.
चार दिवस ते खिडकीत पडून होतं,
एका वापराचं, तरी म्हातारं.

दोन्ही बादल्या भंगारात गेल्या.
एक डॉलर दहा सेंट आले.
तिने ते मोजून घेतले.

गुरुवारी भिंत बुजवायला गेलो.
ती स्वयंपाकघरात कोबी चिरत होती,
सुरीचा आवाज येत होता.
खिशातली कागदाची पुडी सोडली
आणि नव्या पाइपामागे, अंधारात, पातं सोडून दिलं.
एकट्या ब्लेडचा आवाज
झाला न झाल्यासारखा होतो.

मग बोर्ड ठोकला, फटी लिंपल्या, टाइल्स बसवल्या.
बिल दिलं. तिने चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं,
मग माझ्या हनुवटीकडे बघितलं.
‘जोर लावलास,’ म्हणाली.