साडेपाच तास

तक्रार रात्रीच येऊन बसलेली असते.
मी सकाळी आडगावहून येतो, मफलर काढतो,
सर्व्हर रूमचं कुलूप उघडतो.
निफाडकडे पारा चारवर, बागांत रात्रभर शेकोट्या,
इथे एसी अठरावर.
डिसेंबरात अख्ख्या कॉलेजात
एवढी एकच खोली उबदार.

तक्रारीत माणूस नसतो.
चार आकडे, मध्ये ठिपके,
तारीख, वेळ, एका सिनेमाचं नाव,
आणि खाली कुठल्याशा वकिलाच्या मशीननं लिहिलेलं,
‘आम्हांस सद्भावनेने असे वाटते की’.
आकड्याचा माणूस मी करायचा.
पगारपत्रकात याला तांत्रिक सहायक म्हणतात.

त्या दिवशी आकडा उघडला तर निघाला
हेमराज भोये, सुरगाणा,
फार्मसी दुसरं वर्ष, खोली दोनशे चौदा.
वीस चाळीस. म्हणजे जेवणाची वेळ.
समिती बसली, चहा आला.
कुलथे मॅडमनी विचारलं, कबूल?
त्यानं फरशीकडे बघत मान हलवली.
माफीनाम्याच्या तीन प्रती,
पंधरा दिवस नेट बंद.
देवरे सर म्हणाले, पहिलीच वेळ आहे, घरी नका कळवू.
सगळ्यांना आपण बरे वाटलो.

त्याच पंधरवड्यात शिष्यवृत्तीचा फॉर्म होता.
तो पेठ नाक्यावरच्या कॅफेत जायचा,
तासाला तीस रुपये, स्कॅनचे वेगळे.
हे मला नंतर कळलं.
सगळंच नंतर कळलं.

मार्चमध्ये दुसरी तक्रार आली तेव्हा
वेळेपुढची तीन इंग्रजी अक्षरं
मी पहिल्यांदा वाचली.
ते घड्याळ आपलं नव्हतंच, ग्रीनिचचं होतं.
साडेपाच तास मिळवायचे असतात.
भूगोलाच्या बाईंनी पट्टी मारून शिकवलेलं.

जुना कागद काढला.
बोटांवर मोजलं, मग कॅल्क्युलेटरवर,
मग परत बोटांवर.
वीस चाळीस नव्हे,
दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे दोन दहा.
तोवर तो आकडा दोनशे चौदातून निघून
दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेला होता,
पाहुण्यांच्या घोंगडीसारखा.
कुणाच्या, ते नोंदीत आहे.
इथे लिहीत नाही.
एकदा दिलं एका आकड्याला नाव, पुरे झालं.

हेमराजला मेसच्या मागे गाठलं, ताट धूत होता.
म्हटलं, चूक माझी. तू नव्हतास.
मग मान कशाला हलवलीस?
तो हसला नाही, चिडलाही नाही.
ताट झटकलं.
“तो सिनेमा मी बघितलाच नाही, सर.
पण फार्माकॉलॉजीचं पुस्तक घेतलं होतं ना, तसंच, फुकट.
साडेतीन हजारांचं आहे.
लायब्ररीत एकच प्रत, तीपण काउंटरवर बसून वाचायची.
मला वाटलं, तेच सापडलं.”

पुस्तकाची तक्रार आजवर आलेली नाही.

माफीनामे परत द्या, असा अर्ज मी केला.
उत्तर आलं: फाइल बंद झालेली आहे.

आता खोलीत दोन घड्याळं आहेत.
दुसरं मेन रोडवरून आणलं, दीडशेचं,
मुद्दाम साडेपाच तास मागे लावलंय.
इथे पहाटेचे दोन दहा होतात
तेव्हा त्यात हेमराज
जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असतो.

मार्चची तक्रार टेबलावर आहे.
आकडा अजून उघडलेला नाही.
सद्भावनेने, असं समजा.